सुई कोणाच्या हाती?



लग्नसराई जवळ आली की धर्मग्रामाच्या कार्यालयात स्नानसंस्काराचे दाखले, लग्नाच्या घोषणा, गायकवृंदाच्या आणि बँडच्या वेळा यांची एकच गर्दी उडते. अलीकडे त्या गर्दीत एक नवा प्रश्न येऊन मिसळला आहे. तो बहुधा उभ्याउभ्या, दाराशी, आवाज खाली आणून विचारला जातो : "फादर, मुलगी लग्नाआधी चेहऱ्याला इंजेक्शन घ्यायचं म्हणते. पाप तर नाही ना?" बहुतेक वेळा आई विचारते, कधी मुलगी स्वतः विचारते. पन्नाशी ओलांडलेल्या काही पुरुषांनीही विचारले आहे, अर्थात 'एका मित्रासाठी'.

आम्ही उलट विचारतो, "घेणार कोणाकडून?" मग जी उत्तरे येतात ती ऐकून पापाची चिंता बाजूला राहते आणि वेगळीच चिंता लागते. "आपल्या आळीतलीच आहे, पार्लर चालवते, दोन दिवसांचा कोर्स करून आली आहे." "डॉक्टरपेक्षा निम्म्या पैशांत देते." "घरी येते, पाच जणी जमल्या तर सहावीला फुकट." "तिचे फोटो बघा फादर, केवढा फरक पडलाय!" लग्नाचा गाऊन शिवायचा तर चार शिंपी पाहिले जातात, आधीच्या नवऱ्यामुलींना विचारले जाते, शिवण उलटी करून तपासली जाते. चेहऱ्यात सुई कोण टोचणार हे मात्र एका फोनवर ठरून जाते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेने पूर्वीच दिलेले आहे, ते आधी सांगून टाकू. ४ ऑक्टोबर १९५८ रोजी पोप पायस बारावे यांनी इटलीतील प्लास्टिक सर्जनांपुढे भाषण केले. त्यानंतर पाचच दिवसांनी ते प्रभुघरी गेले. आयुष्याच्या अगदी शेवटच्या आठवड्यातही हा विषय त्यांना क्षुल्लक वाटला नव्हता. त्यांच्या सांगण्याचा सारांश असा : शरीराचे सौंदर्य ही चांगली गोष्ट आहे, देवाची देणगी आहे; मात्र ती सर्वांत वरची गोष्ट नव्हे. हेतू शुद्ध असेल, कारण पटण्याजोगे असेल आणि आरोग्याला धोका नसेल तर रूप सुधारण्यासाठी वैद्यकाची मदत घेण्यात गैर नाही. कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथानेही (परिच्छेद २२८८ आणि २२८९) जीवन व आरोग्य ह्या देवाने आपल्या हवाली केलेल्या ठेवी मानल्या आहेत आणि त्याच दमात शरीराची पूजा बांधण्याविरुद्ध इशारा दिला आहे.

तेव्हा कपाळावरच्या आठ्यांमुळे सदैव रागावलेली दिसणारी एखादी भगिनी त्यावर उपाय करू पाहत असेल, तर तिला वेदीपासून दूर ठेवण्याचे आम्हांला काही कारण दिसत नाही. गोरेपणाच्या इंजेक्शनांविषयी मात्र आमचे मत कडक आहे. ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य शिरेतून देऊन वर्ण उजळवण्याचा जो धंदा चालतो, त्याविरुद्ध फिलिपाईन्ससारख्या कॅथोलिक देशाच्या औषध प्रशासनाने २०११ सालीच लोकांना सावध केले होते. ह्या कामासाठी ते मंजूर नाही, असे बजावले होते. आणि औषधाचा प्रश्न सोडला तरी, उन्हात वाडीत राबलेल्या आजी-आजोबांचा रंग मिस्साच्या फोटोत दिसू नये म्हणून शिरेत सुई घ्यायची, हे आम्हांला पटत नाही. असो, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

पोप महोदयांच्या तीन अटींकडे पुन्हा पाहा. हेतू शुद्ध आहे की नाही हे ज्याचे त्याने आपल्या विवेकबुद्धीला विचारायचे. कारणाचे वजनही त्यालाच करता येईल. पण आरोग्याला धोका आहे की नाही हे नवरीला ठरवता येत नाही, तिच्या आईला येत नाही, आम्हा धर्मगुरूंनाही येत नाही. ते सुई धरणाऱ्या हातावर अवलंबून आहे. 'पाप आहे का' आणि 'कोणाकडून घेणार' हे दोन प्रश्न दिसतात तितके वेगळे नाहीत.

आता ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. 'बोटॉक्स' हे एका उत्पादनाचे नाव. आतले औषध म्हणजे बोट्युलिनम नावाचे विष. लॅटिन भाषेत 'बोटुलस' म्हणजे सॉसेज. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीच्या वुर्टेम्बर्ग भागात खराब सॉसेज खाऊन माणसे दगावत. युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरांनी, जे कवीही होते, १८२० च्या दशकात त्या विषबाधेची लक्षणे बारकाईने नोंदवली. पुढे १८९५ साली बेल्जियममधील एका खेड्यात अंत्यविधीला आलेल्या बँडच्या वादकांनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले आणि तिघे मरण पावले. त्या मांसातून एमिल व्हॅन एर्मेन्गेम यांनी हे विष तयार करणारा जंतू शोधून काढला. मेंदूचा निरोप घेऊन मज्जातंतू स्नायूपर्यंत येतो. तिथे निरोप पोचता करणारे रसायन बाहेर पडू न देणे, एवढेच हे विष करते. निरोप नाही, तर स्नायू हलत नाही. कपाळाच्या स्नायूला निरोप मिळाला नाही तर आठी पडत नाही. छातीच्या स्नायूला मिळाला नाही तर श्वास थांबतो.

माणसाच्या बुद्धीचे कौतुक असे की, ह्याच विषाची अत्यल्प मात्रा वापरून डॉक्टरांनी तिरळे डोळे सरळ केले. अमेरिकेत त्या उपचाराला १९८९ साली मान्यता मिळाली आणि भुवयांमधल्या आठ्यांसाठी २००२ साली. परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा सुई.

दुसरा प्रकार फिलरचा. ओठ भरण्यासाठी, गालाचा खळगा उचलण्यासाठी, नाक धारदार दिसावे म्हणून कातडीखाली एक जेल भरतात. ते बहुधा हायल्युरॉनिक ॲसिडचे असते. हे द्रव्य आपल्या शरीरातही असते, म्हणून ऐकायला निरुपद्रवी वाटते. धोका द्रव्यापेक्षा जागेत अधिक आहे. चेहऱ्यात रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि ते माणसागणिक थोडे थोडे बदलते. जेल चुकून रक्तवाहिनीत गेले तर पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि कातडी मरू लागते. नाक आणि भुवयांमधली जागा सर्वांत नाजूक, कारण तिथल्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. जोराने ढकललेले जेल उलट्या दिशेने डोळ्यापर्यंत गेले तर दृष्टी जाते, आणि गेलेली दृष्टी परत येणे फार दुर्मिळ. हे वारंवार घडत नाही. शरीररचना जाणणाऱ्या, प्रशिक्षित हातात तर क्वचितच. पण ज्या हाताला जाळे कुठे आहे हेच ठाऊक नाही, त्या हातात काय होईल हे सांगायला वैद्यकाची पदवी लागत नाही.

२००४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात घडलेली एक घटना आम्हांला फार विचार करण्याजोगी वाटते. परवाना निलंबित झालेल्या एका डॉक्टरने प्रयोगशाळांसाठी विकले जाणारे बोट्युलिनम मागवले. ते माणसांसाठी नव्हते. एकेका कुपीत हजारो माणसांचा जीव घेण्याइतके विष होते. त्याने ते तीन जणांना टोचले आणि चौथे इंजेक्शन स्वतःला घेतले. चौघेही लुळे पडले, श्वासासाठी यंत्रावर गेले, आणि वाचले ते महिनोन्‌महिन्यांच्या उपचारांनी. त्या डॉक्टरला पुढे तुरुंगवास झाला.

आपण फसवणाऱ्याचे चित्र डोळ्यांपुढे आणतो तेव्हा तो लबाड असतो, मनातून हसत असतो. हा माणूस तसा असता तर त्याने स्वतःला सुई टोचून घेतली नसती. आपण देतो ते औषध बरे आहे असे त्याला मनापासून वाटत होते. "ती स्वतःसुद्धा घेते, फादर, मग वाईट कसं असेल?" हे वाक्य आम्ही ऐकतो तेव्हा फ्लोरिडातले ते चार बिछाने आठवतात. प्रामाणिकपणा हा सद्गुण आहे खरा, पण तो ज्ञानाची जागा घेऊ शकत नाही. आणि आपण माणूस निवडताना नेमका प्रामाणिकपणाच पाहतो, कारण तो आपल्याला दिसतो. ज्ञान दिसत नाही.

ही अडचण आजची नाही. प्लेटोच्या 'खार्मिडीस' ह्या संवादात सॉक्रेटिसने ती नेमकी मांडली आहे. खरा वैद्य आणि वैद्याचे सोंग घेणारा यांतला फरक कोण ओळखू शकेल? ज्याला वैद्यक येते तोच. मग ज्याला येत नाही त्याने काय करावे? गंमत म्हणजे ह्याच संवादाच्या सुरुवातीला सॉक्रेटिस, जो वैद्य नव्हता, एका देखण्या तरुणाला 'तुझ्या डोकेदुखीवर माझ्याकडे औषध आहे' असे खुशाल सांगतो आणि तो तरुण विश्वास ठेवतो! दुसऱ्या एका संवादात, 'गॉर्गियास'मध्ये, वक्ता गॉर्गियास फुशारकी मारतो की वैद्य असलेल्या आपल्या भावाला जे रुग्ण दाद देत नसत त्यांना आपण नुसत्या बोलण्याने वश केले. सभेत वैद्य आणि वक्ता समोरासमोर उभे केले तर निवड वक्त्याचीच होईल. त्यावर सॉक्रेटिसचा दृष्टांत असा की, लहान मुलांच्या पंचांपुढे वैद्य आणि हलवाई यांचा खटला चालवला तर वैद्य उपाशी मरेल.

आजचा हलवाई मोबाईलमध्ये बसला आहे. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, मागे संगीत, खाली शेकडो बदाम आणि टाळ्या. नंतरचा फोटो कधी काढला? वेगळ्या उजेडात काढला का? सहा महिन्यांनी तो चेहरा कसा होता? फोटो ह्याचे उत्तर देत नाही. भिंतीवरच्या चौकटीतले प्रमाणपत्र देत नाही, अंगावरचा पांढरा कोट तर मुळीच देत नाही.

मग आपण सामान्य माणसे हतबल आहोत का? तसे नाही. वैद्याच्या ज्ञानाची परीक्षा आपल्याला घेता येत नाही, पण ज्यांनी ती घेतली त्यांची नोंद वाचता येते. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो, चिठ्ठीवर आणि पावतीवर छापायचा असतो. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक घालून तो पडताळता येतो. आपल्या युवक-युवतींना हे दोन मिनिटांचे काम आहे. आई-वडिलांसाठी त्यांनी ते करावे. पदवी त्वचारोगाची किंवा प्लास्टिक सर्जरीची आहे का ते पाहावे. 'कॉस्मेटॉलॉजी'चे दोन दिवसांचे किंवा दोन महिन्यांचे प्रमाणपत्र ही वैद्यकाची पदवी नव्हे. आणि बाहेर पाटी डॉक्टरची, आत सुई मदतनीस मुलीच्या हाती, असा प्रकार असतो. 'इंजेक्शन प्रत्यक्ष कोण देणार?' हे स्पष्ट विचारावे.

औषधाकडेही पाहावे. बोट्युलिनम बहुतेक कोरड्या भुकटीच्या रूपात छोट्या कुपीत येते, थंड जागी ठेवावे लागते आणि ऐन वेळी सलाईनमध्ये विरघळवतात. कोणी पर्समधून आधीच भरलेली सिरिंज काढत असेल तर त्यात काय आहे हे देवालाच ठाऊक. फिलर मात्र कंपनीच्याच सीलबंद सिरिंजमध्ये असते. दोन्ही बाबतींत सील आपल्यासमोर फुटले पाहिजे आणि नाव, बॅच क्रमांक, मुदत वाचता आली पाहिजे. पावती मागावी, पावतीला नकार मिळाला तर तिथूनच परत फिरावे. स्वस्त मालाविषयी एवढेच सांगतो की, २०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील ११ राज्यांत २२ स्त्रियांना अशा इंजेक्शनांनंतर त्रास झाल्याची नोंद तिथल्या सरकारी यंत्रणेने जाहीर केली. ११ जणींना रुग्णालयात ठेवावे लागले. सुई देणारे परवाना नसलेले किंवा अशिक्षित होते, किंवा सुई घरात वा स्पामध्ये दिली गेली होती. काही ठिकाणी औषधच बनावट निघाले. जिथे कायदा इतका कडक तिथे ही गत.

आणखी एक कसोटी आहे आणि आमच्या मते तीच सर्वांत चांगली. तो माणूस आपल्याला प्रश्न विचारतो का? गर्भवती आहात का, बाळाला पाजता का, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, स्नायूंचा किंवा मज्जातंतूंचा आजार आहे का, लग्न किती दिवसांवर आहे? (शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. सूज आणि काळेनिळे डाग उतरायला दिवस लागतात, बोट्युलिनमचा पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवडेही लागतात. लग्नाच्या आठवड्यात सुई घेणे हा शुद्ध वेडेपणा आहे.) आणि तो कधी 'नको' म्हणतो का? "तुमच्या चेहऱ्याला ह्याची गरज नाही, घरी जा" असे सांगून आपलेच उत्पन्न बुडवणारा डॉक्टर भेटला तर त्याचे नाव लिहून ठेवा. पुढे कधी गरज पडली तर त्याच्याकडेच जा.

एवढे वाचून काही जण म्हणतील, फादर, हे सगळे विचारायचे कोणाला? शहरातल्या अनोळखी डॉक्टरला विचारता येईल. पण जी सुई देते ती आमच्या चुलतभावाची बायको आहे. आमच्याच छोट्या ख्रिस्ती समूहात प्रार्थनेला येते, आजारपणात डबा आणून देते. तिला 'वहिनी, तुमचा नोंदणी क्रमांक काय?' असे कसे विचारायचे? तिला काय वाटेल?

खरा प्रश्न हाच आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या समाजात विश्वास हे नाते टिकवण्याचे साधन आहे. विचारणे म्हणजे अविश्वास आणि अविश्वास म्हणजे अपमान, असे समीकरण लहानपणापासून आपल्या मनात बसलेले असते. त्यात आपण श्रद्धावंत माणसे. श्रद्धा ठेवणे हे आपल्याला इतके शिकवले गेले आहे की तपासणे म्हणजे श्रद्धेची उणीव असे वाटू लागते. पण श्रद्धा परमेश्वरावर ठेवायची, कारण तो चुकू शकत नाही. माणसावर ठेवतो तो विश्वास, आणि विश्वासाला डोळे असावे लागतात. संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक ह्या सद्गुणाचे घटक सांगताना त्यांत 'शिकण्याची तयारी' आणि 'सावधपणा' हे दोन्ही धरले आहेत. व्यवहारात कोणीही एकटा पुरेसा नसतो, जाणत्यांकडून ऐकून घ्यावे लागते, असे ते म्हणतात. ऐकून घ्यायचे ते जाणत्याचे. समोरचा जाणता आहे का हे पाहणे ही त्या सद्गुणाची पहिली पायरी झाली. त्यात कोणाचा अपमान कसा होईल? दुकानात तराजू असतो म्हणून दुकानदार अपमानित होत नाही.

आम्ही तर म्हणू, वहिनींना विचारून पाहा. "वहिनी, तुमच्यावर माझा जीव आहे, पण हे काम डॉक्टरचं आहे ना?" त्या रागावल्या तर ते नाते तुमच्या चेहऱ्याच्या जोखमीवर उभे होते असे समजा. रागावल्या नाहीत, विचारात पडल्या, तर तुम्ही त्यांच्यावर उपकार केलेत. कारण धोका फक्त सुई घेणारीला नाही. तिच्या हातून एखाद्या मुलीचा डोळा गेला तर तिने पुढचे आयुष्य कसे काढायचे?

दोन आक्षेप येतात, त्यांचाही विचार करू. पहिला पैशांचा. डॉक्टर महाग, हे खरे आहे. पण तापाला औषध परवडत नाही ही एक गोष्ट आणि आठीला औषध परवडत नाही ही दुसरी. पहिल्या गरजेसाठी समाजाने, धर्मग्रामाने मदतीला धावले पाहिजे. दुसरी नसली तरी चालते. जे सुरक्षितपणे परवडत नाही ते न घेण्याचे स्वातंत्र्य इथे आपल्याला आहे. आजाऱ्याला ते नसते. दुसरा आक्षेप असा की नोंदणी असलेले डॉक्टरही चुकतात. चुकतात. मार्कच्या शुभवर्तमानातील रक्तस्रावाने पीडित स्त्रीने अनेक वैद्यांच्या हातून हाल सोसले, सारे पैसे खर्चले आणि दुखणे वाढतच गेले. (लूकने तीच हकिगत सांगताना दुखणे वाढल्याचे गाळले आहे, परंपरेनुसार तो स्वतः वैद्य होता!) पण नोंदणीचा अर्थ 'हा चुकणार नाही' असा नाही. 'हा चुकला तर ह्याला जाब विचारता येईल' असा आहे. परिषदेकडे तक्रार करता येते, ग्राहक न्यायालयात जाता येते, कागद असतात. घरच्या सोफ्यावर, रोखीत, पावतीविना घेतलेल्या सुईचा जाब कोणाला विचारणार? चुलतभावाला?

आता दोन शब्द सुई धरणाऱ्यांसाठी. आपल्या धर्मग्रामात अनेक भगिनी पार्लर चालवतात, त्यावर घरे उभी राहिली आहेत, मुले शिकली आहेत. त्या कष्टांचा आम्हांला आदर आहे. केस, मेंदी, फेशियल हे त्यांचे कौशल्य आहे आणि त्यात त्या डॉक्टरांना हरवतील. पण कातडीच्या आत जाणारी सुई हा वेगळा प्रांत आहे. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्सचे महागुरू संत अँटोनिनस यांनी वेगवेगळ्या व्यवसायांच्या नीतीवर लिहिताना वैद्यांचाही विचार केला आहे; पुरेसे ज्ञान नसताना उपचार करणे हे त्यांनी पापांत धरले आहे. पाचवी आज्ञा चाकूपुरती नाही. आपल्या देशाचा कायदाही हेच सांगतो. १९९६ साली मुंबईतील एका खटल्यात, होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ज्या पद्धतीचे ज्ञान नाही त्या पद्धतीने उपचार करणाऱ्याला भोंदू ठरवले. एका शाखेचा डॉक्टर दुसऱ्या शाखेत भोंदू ठरतो, मग दोन दिवसांच्या कोर्सचे काय? २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात नोंदणीविना वैद्यकी करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आणि शिक्षेपेक्षाही मोठी गोष्ट : अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील एका स्पामध्ये सुया आणि रक्त हाताळण्यात इतकी बेफिकिरी होती की सौंदर्योपचारांसाठी आलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाली. तो स्पा २०१८ मध्ये बंद करण्यात आला. त्या स्त्रिया सुरकुत्या घालवायला गेल्या होत्या.

ज्या भगिनींनी अशी कामे सुरू केली असतील त्यांनी थांबावे. उत्पन्न बुडेल, हे आम्ही जाणतो. त्याविषयी बोलायला कार्यालयाचे दार उघडे आहे. तिथे पोलीस बसलेले नाहीत.

शेवटी, ज्यांनी सुई आधीच घेतली आहे त्यांच्यासाठी. ह्या प्रकरणांत वेळ जातो तो लाजेपायी. नवऱ्याला सांगितलेले नसते, सासूला कळायला नको असते, मग 'सकाळपर्यंत बघू' म्हणून पडून राहतात. फिलरनंतर कातडी पांढरी पडली, जाळीदार निळसर डाग उठले, सोसवत नाही इतके दुखू लागले, तर ते जेल विरघळवणारे हायल्युरॉनिडेज नावाचे औषध आहे. पण ते लवकर मिळाले तरच उपयोग. नजर अंधुक झाली किंवा डोळ्यात कळ आली तर हातात तास-दीड तासच असतो. बोट्युलिनमची बाधा सावकाश येते, काही तासांनी किंवा काही दिवसांनी : पापण्या जड, एकाचे दोन दिसणे, बोलताना जीभ अडखळणे, घास गिळता न येणे, दम लागणे. त्यावरही उतारा आहे. जिने सुई दिली तिला फोन करून 'हे नॉर्मल असतं का?' विचारत बसू नका. मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा, रिकामी कुपी किंवा खोके मिळाले तर सोबत न्या आणि काय, कधी, कुठे टोचले ते डॉक्टरांना खरे सांगा. मध्यरात्र असो, नाहीतर वरात दारात उभी असो. घरच्यांना रागवायचे असेल तर ते नंतर रागावतील.